सर्व पालकांना कळविण्यात येते की…

१ जूनला महाराष्ट्रात जितक्या आजोबांचा वाढदिवस असतो, तितक्यांचा वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच दिवशी नसावा. हा योग ग्रहांनी नव्हे, गुरुजींनी जुळवून आणलेला आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीत नाव घालायला पोरगं सहा वर्षांचं लागायचं, आणि बापाला विचारावं तर तो सांगायचा, "मोठा पूर आला त्याच्या मागल्या साली झालं." एवढ्या माहितीवर रजिस्टरचा रकाना भरत नाही. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख १ जून. त्याच तारखेवर पुढे नोकरी लागली, त्याच तारखेने निवृत्तीही आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची जी झुंबड उडते, नारळ आणि शाली कमी पडतात, ती त्या हाती लागलेल्या कानामुळे.

थोडक्यात, शाळा सुरू होताना माहिती शाळेकडून घराकडे जायची. आपल्या पोराचा वाढदिवस कधी असतो, हे आईबापांना गुरुजींकडून कळायचं. आता गंगा उलटी वाहते. मुलाविषयी जे जे म्हणून माहीत असू शकतं ते सगळं घराने शाळेला कळवायचं, शाळेने ते पोर्टलवर भरायचं, आणि पोर्टलने ते नाकारायचं.

जिल्हा परिषदेची शाळा ही महाराष्ट्रातली मोठी जुनी चीज आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि लोकल बोर्डाच्या शाळा त्यांच्या पदरात आल्या. कित्येक शाळांच्या कमानीवर अजून 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं लिहिलेलं दिसतं. कमान तीच, पण तिच्याखालून घराघरात जाणारा निरोप बदलला. पूर्वी शाळा कधी उघडणार हे दवंडीने, नाहीतर गुरुजींची एसटी येताना दिसली की कळे. आता ते मोबाइलवर कळतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बाप पेरणीच्या बियाण्याच्या रांगेत उभा असताना, खिशातला फोन थरथरतो आणि 'इयत्ता पहिली ते चौथी पालक' या गटात पहिला संदेश पडतो. त्याच्या माथ्यावर 'तातडीचे व अतिमहत्त्वाचे' असं असतंच. या मथळ्याशिवाय आलेला संदेश वाढदिवसाच्या शुभेच्छांचा समजावा.

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, आपल्या पाल्यास शाळेच्या पहिल्या दिवशी वेळेवर उपस्थित ठेवावे." हे वाक्य गुरुजींचं नाही. गुरुजी असं बोलत नाहीत. पाणवठ्यावर भेटले तर ते म्हणतील, "सोमवारी धाडा बरं का त्याला." पण मंत्रालयातून निघालेलं पत्र शिक्षण संचालकांकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक असं उतरत येतं. प्रत्येक पायरीवर वर एक 'उपरोक्त विषयान्वये' चिकटतं, आणि तळाला पोहोचेपर्यंत साधं 'या' म्हणणं कुणाच्याही हातात राहिलेलं नसतं. खाली दहा-बारा हात जोडलेले अंगठे येतात. एक आजोबा चुकून फुलांचा गुच्छ टाकतात. एक काका विचारतात, "सुट्टी कधी लागणार?"

तारखेचाही एक घोळ असतोच. राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. २०२५ मध्ये १५ तारखेला रविवार होता, म्हणून १६ ला उघडल्या. विदर्भात तेव्हा भट्टी पेटलेली असते, म्हणून तिथल्या शाळा आठवडा-दोन आठवडे उशिरा सुरू होतात आणि सुरुवातीला अनेकदा सकाळच्याच भरतात. त्यामुळे पुण्याकडे मामाच्या गावी राहिलेल्या अकोल्याच्या पोराला मामेभावंडं दप्तर घेऊन निघालेली बघत आंबे खाता येतात. बालपणात याहून मोठं सुख कुणाला फारसं मिळत नाही.

तारीख कळली की कागद सुरू होतात. मुलाचा आधार क्रमांक १२ अंकी. शाळेचा यूडायस क्रमांक ११ अंकी. मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक, ज्याला सगळे 'पेन' म्हणतात, तोही ११ अंकी. आणि आता 'अपार' नावाचा आणखी एक १२ अंकी. ज्या मुलाने अजून वीसपर्यंतचे अंक लिहायचे आहेत, त्याच्या नावावर वर्ग सुरू व्हायच्या आत असे तीन क्रमांक चढतात. अपारसाठी पालकांचं संमतिपत्र लागतं. संमतिपत्र वाचून सही करणारा पालक अजून कुठल्या जिल्ह्यात आढळल्याचं ऐकिवात नाही. "कुठं करायची?" एवढाच प्रश्न येतो.

खरा रंग भरतो तो 'मिसमॅच' या शब्दाने. हा शब्द आता माण तालुक्यातल्या आजीलाही येतो. रजिस्टरमध्ये नाव एक, आधारवर दुसरं, आणि दोन्हीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' कमी-जास्त. पोर्टलला माया नाही. ते म्हणतं, हा मुलगा तो मुलगा नव्हे. वर्गात समोर बसलेलं, नाक पुसत असलेलं पोर मग कागदोपत्री कुणीच उरत नाही. त्याचा बाप तालुक्याला आधार केंद्रावर एक दिवस मोडतो, तिथे बोटांचे ठसे उमटत नाहीत. पाचव्या वर्षानंतर मुलाचे ठसे नव्याने द्यावे लागतात, हे घरच्यांना तिथे जाऊनच कळतं. ठशांवर शेंगदाण्याचं तेल असतं, चिकूचा चीक असतो, काय असेल ते असतं. पोर मात्र मजेत असतं. त्याची तालुक्याची वारी होते आणि भेळ मिळते.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र मनापासून केलेली आहे, आणि ती म्हणजे शाळापूर्व तयारीचा मेळावा. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी तो उन्हाळ्यात आणि पुन्हा जूनमध्ये भरतो. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडतात. एका टेबलावर उड्या मारायच्या, एकावर रंग ओळखायचे, एकावर खडे मोजायचे, एकावर चित्र बघून बोलायचं. मुलाच्या हातात विकासपत्र असतं आणि त्याला काय येतं, कशात मदत लागते याची त्यावर नोंद होते. शेवटच्या टेबलावर आयांना कार्डं मिळतात, ती घेऊन त्यांनी घरी मुलांशी खेळायचं. कल्पना चांगली आहे आणि ती कित्येक गावांत चालतेही. अडचण एवढीच, की मूल घरी दिवसभर बडबडतं आणि टेबलासमोर उभं केलं की त्याला दातखीळ बसते. मग आई मागून बोलायला लागते. "सांग ना, काल तर म्हणत होतास! तो हत्ती आहे का नाही? आहे ना?" मुलगा काही बोलत नाही. मॅडम विकासपत्रावर खूण करतात. ती खूण नक्की मुलाची की आईची, हे सांगणं अवघड असतं.

पहिल्या दिवसाच्या प्रवेशोत्सवात मात्र संकोच नावाची गोष्ट नसते. बैलगाडी सजवतात, नाहीतर ट्रॅक्टर. ढोल-ताशा असतो. नवीन मुलांच्या टोप्या, फुगे, गुलाबाची फुलं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पावलं उमटवतात. सरपंच येतात, सभापती येतात. २०२५ मध्ये तर मंत्री, खासदार, आमदार, अधिकारी या सगळ्यांनी शाळांना भेटी द्यायच्या असं ठरलं, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पहिल्याच दिवशी पालघर जिल्ह्यातल्या दुर्वेसच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. इतर हजारो शाळांमध्ये त्या दिवशी कुणीतरी येणार म्हणून सकाळपासून तोरण बांधून वाट बघणं चाललं होतं, आणि पहिलीची मुलं, ज्यांच्यासाठी हे सगळं, ती मधूनच "घरी जायचं" म्हणत होती. प्रवेशोत्सवाचा नियमच असा आहे की जो सत्कारमूर्ती असतो त्याला रडू फुटतं आणि बाकी सगळे टाळ्या वाजवतात. सासरी निघालेल्या मुलीच्या वरातीला ही मिरवणूक फार जवळची वाटते.

आणि मग गणवेश.

गणवेशाबद्दल पालकांना जेवढ्या वेळा 'कळविण्यात' आलं आहे, तेवढ्या वेळा अभ्यासाबद्दल आलेलं नाही. वर्षानुवर्षं पद्धत साधी होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पैसे यायचे, समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याला गाठायची, शिंपी वर्गात येऊन मापं घ्यायचा. समितीत तीन चतुर्थांश पालकच, शिक्षण हक्क कायद्याने तसंच सांगितलंय. त्यामुळे पँट आखूड झाली तर भांडायचं कुणाशी हे सगळ्यांना ठाऊक असे. २०१७ च्या सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं की यात मधले लोक फार आहेत, पैसे थेट मुलाच्याच बँक खात्यात जावेत. दोन गणवेशांचे मिळून ४०० रुपये. आधी गणवेश घ्या, पावती दाखवा, मग पैसे. खातं उघडायला बँका ५०० रुपये मागू लागल्या. चारशेसाठी पाचशे घालायचा हा हिशेब चौथीतल्या मुलानेसुद्धा चूक म्हणून सोडवला असता. मोठ्यांना तो कळायला थोडा वेळ लागला आणि पैसे पुन्हा समितीकडे आले.

काही वर्षं शांततेत गेली. रक्कम वाढून दोन गणवेशांना ६०० झाली. मग 'एक राज्य, एक गणवेश'. मुलांना आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, मुलींना त्याच रंगांचा फ्रॉक किंवा सलवार-कमीज. शिवाय दुसरा जोड स्काउट-गाइडच्या धर्तीचा. २०२४-२५ साठी राज्यभरातल्या चाळीस लाखांहून जास्त मुलांचं कापड वरून यायचं, ते महिला बचत गटांनी शिवायचं आणि दुसऱ्या जोडाची शिलाई शाळेने गावात बघायची, असं ठरलं. शाळेचा पहिला दिवस गेला. जुलै गेला. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं तेव्हा कित्येक शाळांमध्ये मुलं मागल्या वर्षीच्या गणवेशात, नाहीतर घरच्या रंगीत कपड्यांत उभी होती. जिथे गणवेश आले तिथे मापाची मजा झाली. लाखो मुलांची मापं वर्गावर्गात जाऊन कोण घेणार! पण तिसरीतली सगळी मुलं एका मापाची असतात, असं मानणाऱ्याने तिसरीचा वर्ग पाहिलेला नसावा. तिसरीत एक मुलगा बाकावरून दिसत नाही आणि दुसऱ्याला मिसरूड फुटायची बाकी असते. एकाला शर्ट गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याचं बटण लागत नाही. आयांनी आपसात अदलाबदल करून प्रश्न सोडवला. पाचवीचा शर्ट तिसरीला गेला, चौथीची पँट दुसरीला. या व्यवहाराला कुठलंही पोर्टल लागलं नाही आणि मिसमॅचही झाला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये शासन निर्णय आला की पुढल्या वर्षापासून गणवेशाची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे. म्हणजे शिंपी पुन्हा टेप घेऊन वर्गात. २०१७ च्या आधी तो जिथे उभा होता, तिथेच.

गावातले जाणते पालक या प्रवासातून एक गोष्ट शिकले आहेत, आणि सगळ्या प्रशिक्षणांतून मिळून शिकवता येणार नाही अशी ती आहे. आलेल्या सूचनेवर लगेच हालचाल करायची नाही. दम धरायचा. दुसरी सूचना येते. ती पहिलीला बाद करते. मग तिसरी येते आणि सगळं मूळपदावर जातं. जो बाप पहिल्याच संदेशावर तालुक्याला धावला त्याच्याकडे दोन चुकीचे गणवेश असतात, आणि जो नागपंचमीपर्यंत स्वस्थ बसला त्याच्याकडे एक बरोबर असतो. याला आळस म्हणणारे म्हणतात. शेतात पाऊस बघून पेरणारा माणूस जे करतो, तेच तो इथे करत असतो.

पुस्तकांचंच घ्या. बालभारतीची पुस्तकं पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत मिळतात आणि बहुतेक वेळा ती शाळा उघडताना हजरही असतात. यंत्रणेच्या नावाने बोटं मोडताना हे विसरू नये. मार्च २०२३ मध्ये ठरलं की दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायची. पुस्तकाचे चार भाग, प्रत्येक धड्यानंतर 'माझी नोंद' असं लिहिलेलं कोरं पान. मुलाने धडा वाचावा, गुरुजी शिकवत असताना महत्त्वाचं टिपावं, वेगळी वही आणूच नये. कल्पना कागदावर सुरेख होती. प्रत्यक्षात 'माझी नोंद'वर ज्या नोंदी झाल्या त्यात विमानं होती, रोहित शर्मा होता, शेजारच्या मुलाने केलेल्या चुगलीची कच्ची नोंद होती, आणि बऱ्याच पानांवर काहीच नव्हतं. गुरुजींनी वह्या आणायला सांगितल्याच. म्हणजे दप्तरात आता वहीही आणि वही पोटात घातलेलं पुस्तकही. जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं रद्द झाली. ज्या घरात थोरल्याची पुस्तकं धाकट्याला जातात तिथे धाकटा दोन वर्षं थोरल्याची विमानं बघत शिकला.

खिचडीची गोष्ट वेगळी. शाळेतल्या जेवणावर पालकांचं मत फार ठाम असतं, कारण तिथे त्यांना काही कळवावं लागत नाही. पोर घरी येऊन सगळं सांगतं. केंद्राची पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. सुरुवातीला महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, तो घ्यायला पिशवी घेऊन पोरं यायची. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या असं सांगितल्यावर शाळेत चूल पेटली. आता प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास कुणीतरी चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं. चव नोंदवही ही मराठी गद्यातली दुर्लक्षित शाखा आहे. 'चव चांगली', 'चव उत्तम', 'चव चांगली होती'. वर्षभरात कुठल्याही शाळेत मीठ कमी पडल्याची नोंद सापडणार नाही, आणि रोज संध्याकाळी प्रत्येक घरात "आज खारट होतं" हे पोराकडून ऐकायला मिळतं.

जून २०२४ मध्ये नवीन पाककृती आल्या. एक-दोन नव्हे, पंधरा. भात आणि डाळ, सोबत मोड आलेली कडधान्यं, वर गोड म्हणून खीर किंवा नाचणीचं सत्त्व. पालकांच्या गटात आठवड्याचा तक्ता आला तेव्हा एका गावात म्हणे दोन बापांनी शाळेत नाव घालायची चौकशी केली. त्या आधी नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं होतंच, न खाणाऱ्याला केळं. हे सगळं शिजवायचं कुणी? तर महिना २,५०० रुपये मानधनावर काम करणाऱ्या स्वयंपाकीण मावशींनी. त्यांना तक्ता वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले, साखर कुठून येणार आणि कुकर कधी देणार. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याचं उत्तर आलं. अंडा पुलाव आणि गोडासाठी वेगळा पैसा नाही, लोकसहभागातून करावं. म्हणजे पालकांनी. आता गावात कुणाच्या घरी बारसं, वाढदिवस, नाहीतर ट्रॅक्टर आला की गुरुजी सहज चौकशी करून येतात. "मंडळी, पोरांना काही गोडधोड?" पाककृतींची संख्याही कमी झाली. मावशींच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव आला, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

भाषेच्या बाबतीत तर २०२५ चा जून पालक विसरणार नाहीत. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली. आरडाओरडा झाला. १६ जूनला शाळा उघडल्या. १७ जूनला, म्हणजे पहिलीचं पोर शाळेत येऊन जेमतेम एक दिवस झाला असताना, सुधारित निर्णय आला. सक्ती नाही, पण साधारणपणे हिंदीच. दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात निदान वीस मुलांनी ती मागितली पाहिजे. ज्या शाळेत पहिली ते चौथी मिळून अठरा पोरं आहेत तिथल्या पालकांनी हा संदेश वाचून एकमेकांकडे पाहिलं. उरलेली दोन कुठून आणायची, आणि तीही एकाच वर्गात? पण जाणते पालक स्वस्थ बसले होते. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पहिलीतल्या मुलाच्या शैक्षणिक आयुष्याला दोन आठवडे झाले होते. तेवढ्यात त्याने भाषेचं एक अख्खं धोरण येताना आणि जाताना पाहिलं. 'अ' अजून यायचा होता.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा फेब्रुवारी २०२४ चा निर्णयही गावात पोहोचला होता. मुलांची झोप होत नाही असं राज्यपालांनी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. शहरातल्या, सातला भरणाऱ्या शाळांत त्यावर खल झाला. जिल्हा परिषदेची शाळा मुळात साडेदहाच्या आसपास भरते. तिथल्या पालकांनी संदेश वाचला, अंगठा दाखवला आणि म्हशीची धार काढायला गेले. पोर केव्हाच उठून गोठ्यात होतं.

काही सूचना मात्र वर्षानुवर्षं बदलत नाहीत आणि त्यांचं मोल त्यातच आहे. उपस्थिती भत्त्याचं उदाहरण बघण्यासारखं. १९९२ मध्ये राज्याने ठरवलं की दारिद्र्यरेषेखालच्या वंचित घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया द्यायचा, वर्षाला जास्तीत जास्त २२०. तेव्हा रुपयाला काही तरी यायचं. त्यानंतर सोनं, दूध, एसटीचं तिकीट आणि आमदारांचं मानधन यांचा दर बदलला. मुलीच्या एका दिवसाच्या हजेरीचा दर तीन दशकं रुपयाच राहिला. त्या पैशासाठीही खातं, आधार, दाखला हे सगळं लागायचं. एकदा तालुक्याला जाऊन यायच्या भाड्यात मुलीची दोन-तीन महिन्यांची हजेरी संपे. महागाईला असा धीराने तोंड देणारा दुसरा आकडा अर्थसंकल्पात शोधूनही सापडणार नाही.

या सगळ्या गदारोळात गुरुजी स्वतः ज्या एका बातमीकडे डोळे लावून असतात ती पालकांच्या गटावर येत नाही. ती आहे पटाची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत, आणि एकसष्ट ते नव्वदला तीन. म्हणजे साठ मुलांच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, आणि एकसष्टावं पोर दारातून आत आलं की कायद्याने तिसऱ्या शिक्षकाचा हिशेब सुरू होतो. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेसाठी हे पोर नुसतं असून चालत नाही, त्याचं आधार जुळावं लागतं आणि ३० सप्टेंबरच्या पटावर ते दिसावं लागतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात गावातली सगळ्यात वजनदार असामी सरपंच नसते. ती असते सव्वाफूट दप्तर पाठीला लावलेलं, अजून कुठल्याच शाळेत नाव न घातलेलं एखादं पोर.

त्याच्यासाठी स्पर्धा असते. सकाळी आठला तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वेशीवर येते, हॉर्न वाजवते. तिच्या फलकावर कधी ग्लोबल असतं, कधी इंटरनॅशनल. गाडी सुटून गेली की गुरुजी मोटारसायकल काढतात. वीटभट्टी, वस्ती, पाल, जिथे म्हणून सहा वर्षांचं काही हलतंय तिथे जातात. ही गृहभेट कुठल्याही संदेशात कळविण्यात आलेली नसते आणि प्रवेशाचा खरा निर्णय तिच्यातच होतो. ओट्यावर बसून चहा घेतला जातो. पोराची आजी वाटाघाटीला पुढे येते. तिला आपल्या हाती काय आहे ते पक्कं ठाऊक असतं, कारण गुरुजी या आठवड्यात तिसऱ्यांदा आलेले असतात.

"गुर्जी, गाडीवाले बूट देत्यात."

"आजी, ते पैशे घेऊन देतात. आपल्याकडं गणवेश फुकट, पुस्तकं फुकट, जेवण."

"गणवेश गेल्या साली थोरल्याला पोळ्याला मिळाला."

"या वर्षी समितीकडं आलंय. शिंपी शुक्रवारी येतोय माप घ्यायला."

आजी जरा विचार करते. ऊसतोडीला आई-बाप दसऱ्यानंतर जातील, पोर तिच्याकडेच राहील, म्हणजे ३० सप्टेंबरला ते गावातच असणार. हा हिशेब गुरुजींनी येतानाच केलेला असतो, आणि तो त्यांनी केला आहे हे आजीनेही ओळखलेलं असतं.

"बरं, घाला नाव. पण एक सांगते. आमचा तो 'मिसमॅच' का काय निघाला तर तालुक्याला तुम्ही न्यायचं. मी न्हाई येणार."

गुरुजी हो म्हणतात, खिशातून फॉर्म काढतात आणि पहिल्या रकान्यापाशी थांबतात. जन्मतारीख विचारल्यावर आजी क्षणभर आढ्याकडे बघते आणि सांगते, ते त्याच्या आईला विचारा, त्या दिवशी दवाखान्यात वीज गेली होती एवढं मात्र पक्कं आहे.